फ्लॅटबेडवर निगेटिव्ह रेखीव येण्यासाठी: आधी सपाटी, मग उंची

आपण तीन तक्रारी मांडल्या आहेत. एप्सन व्ही ६०० या फ्लॅटबेड स्कॅनरच्या मूळ होल्डरमध्ये (फिल्म धरणाऱ्या चौकटीत) वडिलांच्या ६×६ सेंमीच्या कृष्णधवल निगेटिव्ह लावल्या की कडा रेखीव आणि मधला भाग पुसट येतो. ६४०० डीपीआय (दर इंचाला बिंदू) ठेवूनही सुधारणा होत नाही. आणि होल्डर बाजूला ठेवून निगेटिव्ह थेट बेडवर, म्हणजे स्कॅनरच्या काचेवर, घालून वरून साधी काच दाबली की वलये उमटतात. पहिली तक्रार सपाटीची आहे, दुसरी मुळात तक्रारच नाही, आणि तिसरीचे कारण काचेची जात व फिल्मची बाजू यांत आहे. चौथी गोष्ट, म्हणजे निगेटिव्हची बेडपासूनची उंची, आपण विचारलेली नाही. परंतु सपाटी साधल्यावर तीच पुढे येईल, म्हणून तिच्याविषयीही लिहितो.

दुसरा मुद्दा आधी संपवतो. ६४०० हा आकडा सेन्सर किती बिंदू मोजतो ते सांगतो. भिंग त्यातले किती वेगळे दाखवू शकते ते सांगत नाही. स्वतंत्र चाचण्यांमध्ये व्ही ६०० ची प्रत्यक्ष क्षमता सुमारे १५०० ते १६०० डीपीआय, तर एप्सनच्याच व्ही ७०० ते व्ही ८५० या मालिकेची सुमारे २३०० डीपीआय भरते. ५६ मिलिमीटरच्या चौरस फ्रेमला ६४०० ने जवळजवळ २० कोटी पिक्सेल मिळतात, पण त्यांतील बहुतेक पोकळ असतात. ३२०० वर स्कॅन करून नंतर निम्म्यावर आणावे. प्रत्येक बाजूला सुमारे ३५०० पिक्सेल उरतात आणि ३०० डीपीआयने साडेअकरा इंचांचा चौरस प्रिंट निघतो. हीच यंत्राची खरी मर्यादा आहे, आणि पुढची सगळी खटपट त्या मर्यादेपर्यंत पोहोचण्यासाठी आहे.

आता सपाटी. फिल्मच्या एका बाजूला जिलेटिनचे इमल्शन, म्हणजे चित्र धरणारा थर, असतो; तो वाळताना आकसतो, आणि त्यामुळे पट्टी इमल्शनच्या बाजूला वळते; हवा जितकी कोरडी तितका बाक अधिक. मूळ होल्डरच्या सूचनेप्रमाणे चकाकती बाजू खाली आणि मंद, म्हणजे इमल्शनची बाजू वर ठेवली की पट्टीचा आकार उताण्या नळीच्या कौलासारखा होतो. होल्डर फक्त कडा धरतो आणि मधला भाग बेडकडे झुकतो. १२० ची फिल्म (आपल्या ६×६ निगेटिव्हची) रुंद असते आणि तिचा बेस (इमल्शनखालचा पारदर्शक थर) ३५ मिमीच्या फिल्मपेक्षा सहसा पातळ असतो, म्हणून हा झोल तिच्यात जास्त दिसतो. फ्लॅटबेडचे भिंग एका ठरावीक उंचीवर जुळवलेले असते, आणि अर्ध्या मिलिमीटरचा फरकही ग्रेनमध्ये, म्हणजे फिल्मच्या सूक्ष्म दाण्यांत, जाणवतो.

उपाय त्याच बाकाचा उपयोग करून घेण्यात आहे. निगेटिव्ह इमल्शन खाली करून काचेच्या खालच्या अंगाला चिकटवावी. आता कौल पालथे झाले: मधला फुगवटा वर काचेला टेकतो आणि कडा खाली लोंबतात. या कडा कागदी टेपने, चित्राचा भाग सोडून, हलक्या ताणाने काचेला खेचून धरल्या की संपूर्ण फ्रेम काचेइतकी सपाट होते. आधी एक टोक चिकटवावे, मग समोरचे, आणि शेवटी दोन्ही लांब कडा. ताण बेताचाच असावा, कारण जास्त खेचल्यास फिल्मवर तिरप्या लाटा उठतात. टेप लावण्यापूर्वी ब्लोअरने दोन्ही बाजू स्वच्छ कराव्यात. चित्र उलटे येईल, ते सॉफ्टवेअरमध्ये आडवे फिरवून घ्यावे. त्याने गुणवत्तेत काहीही बिघडत नाही.

काच कोणती, हा प्रश्न इथे येतो. दोन गुळगुळीत पृष्ठभागांमध्ये प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मापाची हवेची फट राहिली की न्यूटनची वलये उमटतात, आणि फिल्मची चकाकती बाजू साध्या काचेला लागली की नेमके तेच घडते. म्हणून एका बाजूने अतिसूक्ष्म खरवडलेली अँटी-न्यूटन काच घ्यावी आणि खरवडलेली बाजू फिल्मकडे ठेवावी. फ्रेमवाल्याकडची नॉन-ग्लेअर काच स्वस्तात मिळते व कित्येकदा चालते, पण तिचा पोत भरड असला तर आकाशासारख्या सपाट भागात ठिपके दिसतात, तेव्हा तुकडा आणून आधी पाहावे. ही काच फिल्मच्या वरच ठेवण्याचा माझा आग्रह याच कारणासाठी आहे: भिंग खाली आहे, त्यामुळे प्रकाश आधी खरवडलेल्या काचेतून आणि मग फिल्ममधून जातो, आणि फिल्म व भिंग यांच्यामध्ये बेडच्या काचेखेरीज काही येत नाही. फिल्म अशा काचेवर ठेवून स्कॅन केल्यास तोच पोत चित्राच्या आड येतो. पुष्कळ जण दोन काचांमध्ये फिल्म दाबतात. सपाटी मिळते, पण धूळ बसायला आणखी दोन पृष्ठभाग तयार होतात. मला तो सौदा पटत नाही.

सपाटी झाली की उंची. व्ही ७०० पासून पुढच्या मॉडेलांच्या होल्डरला पाय बदलून उंची कमीजास्त करता येते. व्ही ६०० च्या होल्डरला ती सोय नाही, म्हणून काचेखाली आपला स्वतःचा आधार हवा. नेमकी उंची यंत्रागणिक किंचित बदलते, त्यामुळे दुसऱ्याचा आकडा उसना घेऊ नये. शोधण्याची सोपी रीत अशी: एक टाकाऊ, फिकट निगेटिव्ह पट्टी घेऊन तिच्या इमल्शनवर तारेच्या घासणीने सर्वत्र हलके, गोलाकार ओरखडे काढावेत. ती २०० मिमी लांबीच्या काचेखाली वरीलप्रमाणे चिकटवावी, काचेचे एक टोक बेडला टेकवावे आणि दुसरे टोक ५ मिमी उंच आधारावर ठेवावे. म्हणजे प्रत्येक ४० मिमीला उंची १ मिमीने वाढते. अनशार्प मास्क (कृत्रिम धार देणारी सोय) आणि डिजिटल आईस (धूळ-ओरखडे पुसणारी सोय) दोन्ही बंद करून ३२०० डीपीआयने स्कॅन करावे व ओरखडे कुठे सर्वांत धारदार आहेत ते पाहावे. टेकलेल्या टोकापासून १०० मिमीवर असतील तर आपली उंची अडीच मिलिमीटर. आईस बंद ठेवणे विशेष महत्त्वाचे, कारण त्याचे कामच ओरखडे पुसण्याचे आहे. शिवाय चांदीच्या कणांनी बनलेल्या कृष्णधवल निगेटिव्हवर ते एरवीही वापरू नये, ते प्रतिमेलाच धूळ समजते.

ती उंची कायम करण्यासाठी काळ्या माऊंट बोर्डाच्या पट्ट्यांची चौकट करावी. झेरॉक्सचा साधा ८० ग्रॅमचा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो आणि एटीएम कार्ड ०.७६ मिमी, त्यामुळे बारीक फरक जमवायला वेगळे उपकरण लागत नाही. चौकट करताना मूळ होल्डरमध्ये वरच्या टोकाला असलेली मोकळी खिडकी जशीच्या तशी राखावी. स्कॅनर तिथून दिव्याचा प्रकाश मोजून घेतो, आणि ती जागा झाकली गेली की संपूर्ण चित्रावर उभ्या रेघा येतात.

व्ही ७०० ते व्ही ८५० वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. या यंत्रांत दोन भिंगे आहेत: एक बेडच्या काचेवर जुळवलेले, दुसरे होल्डरच्या उंचीवर. सॉफ्टवेअरमध्ये होल्डरचा पर्याय निवडला की फिल्म-एरिया गाइडचा (फिल्म थेट बेडवर ठेवण्याचा), यावर कोणते भिंग वापरले जाईल ते ठरते. उंची शोधायला बसण्यापूर्वी हा पर्याय पाहून घ्यावा, नाहीतर भलत्याच भिंगाची उंची मोजली जाईल.

निगेटिव्ह द्रवात भिजवून काचेला लावण्याविषयीही आपण ओझरते विचारले आहे. बेसवरचे ओरखडे त्याने खरोखर लपतात, पण ती द्रवे ज्वालाग्राही असतात आणि बेडच्या कडेतून आत झिरपली तर स्कॅनर जातो. केवळ रेखीवपणासाठी त्या वाटेला जाण्याची गरज नाही.

शेवटी आपल्या निगेटिव्हविषयी. त्या अ‍ॅग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याच्या आहेत असे आपण लिहिले आहे. त्या कॅमेऱ्याचे भिंग साधेच होते, त्यामुळे मधला भाग रेखीव झाल्यावर चारही कोपरे पुसट वाटू लागले तर चौकट पुन्हा मोडू नये. काचेसकट निगेटिव्ह अर्ध्या वर्तुळात फिरवून दुसरा स्कॅन घ्यावा. पुसट भाग चित्राबरोबर फिरला तर तो कॅमेऱ्याचा किंवा राहून गेलेल्या बाकाचा. बेडच्या त्याच बाजूला राहिला तर आधार तिरका आहे. बाक की कॅमेरा हे ग्रेन पाहून कळते: पुसट कोपऱ्यातही ग्रेन धारदार असेल तर स्कॅनमध्ये सुधारण्यासारखे काही उरलेले नाही. आणि एखाद्या पाकिटाला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल, तर त्यातील फिल्म आकसू लागली आहे. ती इतरांपासून वेगळी ठेवावी, टेपने ताणू नये, आणि स्कॅनसाठी सर्वांत आधी तीच घ्यावी.