पहिली गाडी कुणाची चालवायची?

प्रश्न: वय २४, तासगाव तालुक्यात राहतो. अवजड वाहनाचं लायसन्स नुकतंच मिळालं. गावाजवळच्या एका गाडीमालकाच्या दोन गाड्या आहेत, द्राक्षं आणि बेदाणा भरतात. ते महिना २६ हजार आणि सुरुवातीलाच ६० हजार उचल देतायत. जेवणखाण माझं मी करायचं. कुपवाड एमआयडीसीतल्या एका मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपनीत १९ हजार पगार आहे (बेसिक १५ हजार), बाहेर असलो की रोज ३०० भत्ता, आणि पहिले तीन महिने जुन्या ड्रायव्हरसोबत जायचं. पीएफ सहा महिन्यांनी सुरू करू म्हणतात. मेव्हणे म्हणतात, दुसऱ्याची कशाला, जुनी दहाचाकी घे. बहिणीचं लग्न वैशाखात आहे, उचलीतून ते निघेल असं वाटतं. काय करू?

उत्तर: तुमचं पत्र वाचताना माझी नजर २६ आणि १९ वर थांबली नाही, ६० हजारांवर थांबली.

दोन वर्षांपूर्वी एक ड्रायव्हर माझ्या सांगलीतल्या विश्रामबागच्या ऑफिसात आले होते. त्यांनी शर्टाच्या खिशातून डायरी काढली, तिच्या कडा डिझेलनं पिवळ्या पडलेल्या. पहिल्या पानावर निळ्या पेनानं ‘उचल ५०,०००’. खाली दर महिन्याला ३ हजार कापल्याची नोंद, आणि मध्येमध्ये मालकानं पुन्हा नावावर टाकलेलं: टायर ४,५००, आरसा १,२००, डिझेल शॉर्टेज २,८००, घरी आजारपण ५,०००, अशा एकामागून एक रकमा. बावीस महिन्यांनी शेवटच्या पानावर ४१ हजार बाकी होती. मालक वाईट वागायचे असंही नाही, वेळेला पैसे द्यायचे. पण दुसरीकडे चांगली नोकरी समोर आली तेव्हा यांना निघता येईना, कारण बाकी फिटली नव्हती आणि मूळ लायसन्स मालकाच्या कपाटात होतं. उचलीला व्याज नसतं म्हणून ती स्वस्त वाटते. तिची किंमत नोकरी सोडता न येण्यात जाते, आणि नव्या ड्रायव्हरला तर पहिल्या दोन वर्षांत नोकरी बदलायची मोकळीक सगळ्यात जास्त लागते.

आता पगाराचा हिशोब मांडू. महिन्यात २४ दिवस रस्त्यावर गेले आणि जेवण, चहा, आंघोळीला दिवसाला ३०० धरले तर ७,२०० रुपये होतात. म्हणजे २६ हजारांतले हातात राहिले १८,८००. त्यातून महिना ३ हजार उचल फिटली तर १५,८००, आणि ती फिटायला वीस महिने.

कुपवाडच्या १९ हजारांतून पीएफचे १,८००, ईएसआयचे (कामगार राज्य विमा) साधारण १४३ आणि व्यवसाय कराचे २०० कापले जातील. हातात येतील १६,८५० च्या आसपास, आणि जेवण भत्त्यातून भागेल. शिवाय कंपनीही पीएफमध्ये १,८०० घालते. त्यातले १,२५० पेन्शनच्या खात्यात जातात, उरलेले ५५० तुमच्या पीएफला. म्हणजे दर महिन्याला २,३५० रुपये तुमच्या नावावर साठतात, वर्षाला व्याज सोडून २८,२०० रुपये. लांबून सात हजारांचा दिसणारा फरक असा जवळ आल्यावर उलटा होतो.

ईएसआयचं मोल मी याहून जास्त धरतो. तुमच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांचंही औषधपाणी त्यात येतं. आणि कामावर असताना अपघात होऊन घरी बसावं लागलं, तर रोजच्या मजुरीच्या ९० टक्के मिळतात. दोन गाड्यांच्या मालकाला पीएफ-ईएसआयचे कायदे लागूच होत नाहीत, त्यामुळे तिथं हे मागून मिळणारही नाही.

पैशांपलीकडची एक गोष्ट, जी मला मनापासून काळजीची वाटते. द्राक्षाची गाडी नव्या हाताला देऊ नये असं माझं मत आहे. माल नाशवंत, सकाळचं मार्केट गाठलं नाही तर भाव पडतो, मग डोळे मिटत असतानाही गाडी पळवली जाते. तुम्हाला घाटात भरलेली गाडी कुठल्या गिअरला उतरवायची हे आधी कुणाच्या तरी शेजारी बसून शिकायला हवं. कुपवाडचे ते तीन महिने म्हणूनच पगाराइतकेच मोलाचे. ओव्हरलोडचंही लक्षात ठेवा: दंड २० हजार आणि जादा प्रत्येक टनाला २ हजार, आणि कायदा गाडी चालवणाऱ्यालाही धरतो. तो कोण भरणार, हे कुठल्याही मालकाला गाडीत बसण्याआधी विचारायचं.

मेव्हण्यांचा सल्ला आज नको. जुन्या गाडीसाठी ११ लाखांचं कर्ज १४ टक्क्यांनी चार वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे ३० हजार येतो. एप्रिलनंतर द्राक्षाचं भाडं थांबतं, हप्ता थांबत नाही. दोन-तीन वर्षं भाडी, डिझेल, टायर यांचा हिशोब स्वतःच्या डोळ्यांनी बघा, मग पुन्हा बोलू.

राहिलं लग्न. घरात सोनं असेल तर बँकेचं सोनेतारण कर्ज घ्या. दहा टक्के धरले तरी ६० हजारांवर वर्षाचं व्याज ६ हजार. हे ६ हजार तुम्ही मोकळं राहण्यासाठी देताय असं समजा. आणि ६० हजार लागतातच का, हे एकदा आईवडिलांबरोबर बसून बघा. माझ्या पाहण्यात मंडप आणि जेवणावळीत बरंच कमी करता येतं.

बँकेत गेलात की त्याच दिवशी दोन अर्ज भरून टाका. प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपये आणि जीवनज्योती ४३६ रुपये. दोन्हींचं विमाछत्र २-२ लाखांचं. तुमच्या कामात हे पहिल्या फेरीच्या आधी हवं.

माझा कौल कुपवाडला, पण एका अटीवर. ‘पीएफ सहा महिन्यांनी’ हे चालत नाही. ज्या कंपनीला पीएफ लागू आहे तिथं तो कामाच्या पहिल्या दिवसापासून कापायचा असतो. नेमणूकपत्रात तसं लिहून मागा, लायसन्सची झेरॉक्स द्या, मूळ प्रत देऊ नका. नंतर दर महिन्याच्या पंधरा तारखेनंतर उमंग अॅपवर पासबुक उघडून भरणा झालाय का बघत जा. त्यांनी लिहून द्यायला नकार दिला तर या हिशोबातले पीएफचे आकडे पुसावे लागतील. मग तिथंही सही करू नका, एमआयडीसीत आणखी दोन-तीन ठिकाणी विचारा. तासगावच्या मालकांना तोवर नाही म्हणायची गरज नाही, फक्त उचल घेऊ नका.