सतरा नंबरची पिन नक्की कुठली?

रास्पबेरी पाय, बीगलबोन अशा छोट्या कॉम्प्युटर बोर्डांवरच्या या खेपेच्या बहुतेक पत्रांत एकच तक्रार फिरून फिरून येते: कोड बरोबर आहे, वायरिंग दहा वेळा तपासलं, तरी पिन ऐकत नाही. माझा अनुभव असा की पिन ऐकत असते, पण दुसऱ्याच कुणाचं तरी. तो दुसरा कोण, ते प्रत्येक पत्रात वेगळं निघालं.

प्रश्न (फायनल इयरची विद्यार्थिनी, पुणे): सर, रास्पबेरी पाय ४ वर जीपीआयओ १७ ला एलईडी लावला आहे. पायथॉनमध्ये एक सेकंद चालू, एक सेकंद बंद असा साधा प्रोग्रॅम आहे. एरर येत नाही, पण एलईडी बंदच होत नाही. एलईडी बदलला, रेझिस्टर बदलला, एसडी कार्डही नव्याने फ्लॅश केलं. पुढच्या आठवड्यात एक्स्टर्नल आहे.

उत्तर: एसडी कार्डावर उगाच आळ घेतलात. तुमची वायर हेडरवर, म्हणजे बोर्डाच्या कडेच्या पिनांच्या रांगेत, मोजून १७ व्या पिनला आहे ना? ती जीपीआयओ, म्हणजे प्रोग्रॅममधून चालवता येणारी पिन, नव्हेच, ती ३.३ व्होल्टची सप्लाय आहे. तिथे लावलेला एलईडी बोर्डाला पॉवर आहे तोवर जळत राहणार. जीपीआयओ १७ हेडरवर ११ व्या जागी आहे. तुमचा प्रोग्रॅम ११ नंबरची पिन इमानेइतबारे चालू-बंद करतोय, फक्त तिथे पाहायला कुणी नाही.

सिटी सर्व्हे नंबर वेगळा आणि दारावरचा घर नंबर वेगळा, तसं हे आहे. हेडरवरची जागा मोजून येणारा आकडा म्हणजे दारावरचा नंबर. जीपीआयओचा आकडा चिपच्या दफ्तरातला. प्रोग्रॅममध्ये 'बोर्ड' मोड निवडला तर पहिला आकडा चालतो, 'बीसीएम' निवडला तर दुसरा. यात भर म्हणून तिसरा घोळ: जुन्या सिस्टिम-फाइल पद्धतीने पिन उघडणाऱ्या स्क्रिप्टमध्ये लिनक्सच्या ६.६ कर्नलपासून (कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा) आकडे ५१२ पासून सुरू होतात, त्यामुळे पाय ४ वर १७ ऐवजी ५२९ लिहावं लागतं. आणि २०१२ च्या अगदी पहिल्या बोर्डांवर १३ व्या जागी जीपीआयओ २१ होता, पुढच्या आवृत्तीत तिथे २७ आला. इंटरनेटवरचं जुनं चित्र बघून वायरिंग करणारे अजूनही त्यात फसतात.

चित्रावर विसंबू नका. टर्मिनलवर 'पिनआउट' कमांड दिली की तुमच्या हातातल्या बोर्डाचाच नकाशा छापून येतो. मग मल्टिमीटरची काळी वायर ६ नंबरला, म्हणजे ग्राउंडला, आणि लाल वायर ११ नंबरला लावा. काटा शून्य आणि ३.३ मध्ये झुलत असेल तर प्रोग्रॅम निर्दोष. एक्स्टर्नलना हीच चाचणी करून दाखवा, एलईडीपेक्षा जास्त मार्क मिळतील.

प्रश्न (द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका): मोटर चालू-बंद करायला मुलाने रास्पबेरी पाय आणि रिले मॉड्यूल बसवून दिलं. दिवसभर उत्तम चालतं. पण लाइट जाऊन परत आली की साधारण अर्ध्या मिनिटाने मोटर आपोआप सुरू होते आणि दोन-तीन सेकंदांनी बंद होते. व्हॉल्व्ह बंद असतात, पाइपाला दणका बसतो. मुलगा म्हणतो प्रोग्रॅममध्ये मोटर चालू करणारी ओळच नाही.

उत्तर: मुलगा खोटं बोलत नाही, आणि मोटरही नाही.

तुमच्या पत्रातला 'अर्धा मिनिट' सर्वांत उपयोगाचा. स्टार्टरचं ऑटो चालू राहिलं असतं तर मोटर सुरू होऊन चालूच राहिली असती. पिनची मुळातली अवस्था चुकीची असती तर लाइट आल्या आल्या दणका बसला असता. पाय बूट होऊन प्रोग्रॅम सुरू व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो. म्हणजे गडबड प्रोग्रॅमच्या पहिल्या काही ओळींत आहे.

बाजारात मिळणारी बहुतेक रिले मॉड्यूल (पिनच्या इशाऱ्यावर चालणारे स्विच) उलटी चालतात: इनपुट शून्य केलं की रिले ओढतो, वर नेलं की सोडतो. प्रोग्रॅममध्ये पिन 'आउटपुट' म्हणून जाहीर केली आणि सुरुवातीची किंमत सांगितली नाही, तर ती सहसा शून्यावर येते. शून्य म्हणजे रिले चालू. पुढे नेटवर्क, घड्याळ वगैरे जुळवण्यात दोन-तीन सेकंद जातात आणि मग कुठे 'बंद' लिहिलेली ओळ येते. मोटर चालू करणारी ओळ नाही हे खरं, पण पिन आउटपुट करणारी ओळ हेच काम करून बसते. मुलाला सांगा, त्याच ओळीत सुरुवातीची किंमत 'हाय' द्यायची. दणका आजच थांबेल.

तेवढ्यावर मात्र थांबू नका. प्रोग्रॅम मध्येच कोसळला, एसडी कार्ड खराब झालं, तर पिनचं काय होणार? बूट होताना पायच्या सगळ्या जीपीआयओ पिना इनपुट असतात. ० ते ८ आतून हलक्या हाताने वर ओढलेल्या, ९ ते २७ खाली ओढलेल्या. उलट्या चालीच्या रिलेला खाली ओढलेली पिन देणं म्हणजे दार लोटून ठेवायचं, कडी लावायची नाही. शिवाय ५ व्होल्टवरच्या मॉड्यूलला पाय 'हाय' म्हणून ३.३ च देतो, उरलेल्या १.७ व्होल्टवर काही मॉड्यूलांतला ऑप्टो (प्रकाशातून इशारा पुढे देणारा भाग) अर्धवट जागा राहतो.

माझी पसंती अशी: मध्ये एक बीसी५४७ ट्रान्झिस्टर घाला. बेसला पिनकडून १ किलोओहम, बेसपासून ग्राउंडला १० किलोओहम, कलेक्टर रिलेच्या इनपुटला, एमिटर ग्राउंडला. आता चाल सुलटी झाली: पिन वर म्हणजे मोटर चालू. सुरुवातीची किंमतही मग 'लो' ठेवायची, नाहीतर आत्ता सांगितलेली 'हाय' पुन्हा दणका देईल. पिन खाली असो, मोकळी असो, पाय मेलेला असो, मोटर बंदच. एका चहाच्या पैशात येणारी वस्तू आहे.

आणि एक गोष्ट विचारली नाहीत तरी सांगतो. रिले मॉड्यूलवर १० अँपिअर छापलंय म्हणून मोटरची लाइन त्यातून नेऊ नका. स्टार्टरच्या कॉन्टॅक्टरची कॉइल तेवढी त्याच्या 'एनओ', म्हणजे एरवी उघडा राहणाऱ्या, संपर्कातून न्या. ओव्हरलोड आणि सिंगल फेजिंगचं संरक्षण आहे तसंच राहू द्या. हे काम वायरमनकडून करून घ्या, मुलाकडून नको.

प्रश्न (यंत्रमाग कारखान्यातील सुपरवायझर, इचलकरंजी): वीज मीटरचं रीडिंग आरएस-४८५ (मीटरशी बोलायची वायरिंग-पद्धत) मॉड्यूलमधून पाय ४ च्या ८ आणि १० नंबरच्या पिनांवर घेतो. लॅपटॉपला यूएसबी कन्व्हर्टर लावला की मीटर लगेच बोलतो. पायवर मात्र एक अक्षर धड येत नाही. मीटरची सेटिंग ९६००, इव्हन पॅरिटी.

उत्तर: 'इव्हन पॅरिटी' लिहिलंत, निम्मं काम झालं. पाय ४ मध्ये चांगला सिरीयल पोर्ट मुळातच ब्लूटूथच्या वाट्याला दिलेला असतो आणि ८-१० पिनांवर 'मिनी यूएआरटी' नावाचा धाकटा भाऊ येतो. त्याला पॅरिटी, म्हणजे अक्षर बरोबर पोचलं का ते तपासायचा जादा बिट, येतच नाही. तुमचा मीटर पॅरिटी मागतो, हा देत नाही, मीटर गप्प बसतो. असे मीटर सहसा ज्या भाषेत बोलतात त्या मॉडबसच्या मानकात इव्हन पॅरिटी हीच मूळ निवड असल्याने मीटरवाल्यांची ही ठरलेली ठेच आहे. खात्री करायची तर 'सिरीयल०' हे नाव कुठल्या पोर्टाकडे जातं ते बघा. 'टीटीवायएस०' दिसलं तर धाकटा, 'टीटीवायएएमए०' दिसलं तर थोरला.

दोन वाटा आहेत. ब्लूटूथ लागत नसेल तर 'डिसेबल-बीटी' ओव्हरले (बूट होताना वाचली जाणारी सेटिंग) लावून थोरला परत हेडरवर आणा. ब्लूटूथ हवं असेल तर पाय ४ मध्ये आणखी चार थोरले पोर्ट आहेत; 'यूएआरटी३' चालू केला की तो जीपीआयओ ४ आणि ५ वर, म्हणजे ७ आणि २९ नंबरच्या पिनांवर येतो. ओव्हरलेची ओळ कॉन्फिग फाइलमध्ये लिहायची. बुकवर्म आवृत्तीपासून ती बूटच्या आतल्या 'फर्मवेअर' फोल्डरमध्ये गेली आहे. जुन्या जागी लिहून लोक दिवस घालवतात.

मूळ पोर्टच वापरणार असाल तर लॉगिन कन्सोल बंद करा. नाहीतर त्याच पोर्टावर दोघे कान लावून बसतात आणि निम्मी अक्षरं एकाला, निम्मी दुसऱ्याला जातात. मॉड्यूलवर मॅक्स४८५ चिप असेल तर तीही बदला: ती ५ व्होल्टची आहे आणि पायच्या पिना ५ व्होल्ट सोसत नाहीत. मॅक्स३४८५ घ्या. माझ्या टेबलावर एक पाय आहे, त्याची १० नंबरची पिन अशाच एका घाईत मी स्वतः मारली. बाकी बोर्ड ठणठणीत, ती एकच बहिरी.

प्रश्न (लघुउद्योजक, भोसरी): मशीनवरचे आठ प्रॉक्सिमिटी सेन्सर ऑप्टोमधून बीगलबोन ब्लॅकच्या पी८ हेडरवर ३९ ते ४६ या पिनांवर घेतले आहेत. आमचं कार्ड लावून पॉवर दिली की बोर्ड बूटच होत नाही. कार्ड काढून बूट केलं आणि मग लावलं तर सगळं चालतं. कधी कधी कार्ड लावूनही बूट होतो, त्यामुळे कामगार म्हणतात मशीनचा मूड आहे.

उत्तर: मूड सेन्सरांचा आहे. पॉवर देताना कुठला सेन्सर समोर लोखंड बघतोय, त्यावर तुमचा बोर्ड बूट होणार की नाही ते ठरतंय.

पी८ च्या ३१ ते ४६ या सोळा पिनांना दोन नोकऱ्या आहेत. बोर्ड चालू असताना त्या एचडीएमआयचा डेटा वाहतात. पण रीसेट सुटण्याच्या क्षणी प्रोसेसर याच पिनांवरची पातळी वाचतो आणि त्यावरून ठरवतो: क्रिस्टल किती मेगाहर्ट्झचा, बूट कुठून करायचं. बोर्डावरचे छोटे रेझिस्टर योग्य उत्तर धरून ठेवतात. तुमच्या ऑप्टोच्या ट्रान्झिस्टरने पिन ग्राउंडला ओढली की रेझिस्टरचं काही चालत नाही.

यातली ४३ नंबरची पिन खास बघा. बोर्डावर 'एस२' नावाचं बटण आहे ना, जे दाबून ठेवलं की बोर्ड एसडी कार्डावरून बूट होतो? ते बटण हीच पिन खाली ओढतं. त्या पिनवरचा सेन्सर चालू असेल तर प्रोसेसरला वाटतं कुणी बटण दाबलंय. तो ईएमएमसी (बोर्डावरचीच कायमची मेमरी) सोडून एसडी कार्ड शोधतो, स्लॉट रिकामा, मग यूएसबी, मग सिरीयल. डीबग सिरीयलला लॅपटॉप लावून बघा, 'सी सी सी' अशी अक्षरांची रांग आली तर निदान पक्कं.

कार्ड नव्याने करणार असाल तर सेन्सर पी८ च्या ७ ते १९ मध्ये न्या. ३ ते ६ आणि २० ते २५ ला हात लावू नका, तिथे ईएमएमसी आहे. जुनंच कार्ड वाचवायचं असेल तर मध्ये बफर (सिग्नल अडवता-सोडता येणारी चिप) टाका आणि रीसेट सुटेपर्यंत तो बंद राहील अशी जोडणी करा. रीसेटची लाइन पी९ च्या १० नंबरवर मिळते. ऑप्टोचे पुल-अप (लाइन वर ओढून धरणारे) रेझिस्टर बोर्डाच्याच ३.३ वर, म्हणजे पी९ च्या ३ किंवा ४ वर घ्या. बाहेरच्या सप्लायवर घेतले तर बोर्ड बंद असताना पिनांतून उलटी पॉवर शिरते आणि प्रोसेसर हळूहळू मरतो.

जाता जाता: पुढे प्रेशर ट्रान्समीटर लावणार असं लिहिलंय. बीगलबोनचे अॅनलॉग इनपुट १.८ व्होल्टपर्यंतच आहेत. ३.३ सुद्धा नाही.

प्रश्न (पॉलिहाउसधारक, तळेगाव): डीएस१८बी२० तापमान सेन्सर कधी ८५ अंश दाखवतो, कधी ००- ने सुरू होणारी भलतीच नावं यादीत येतात.

उत्तर: ८५ ही सेन्सरची पॉवर मिळाल्यानंतरची कोरी पाटी आहे, मोजमाप पूर्ण व्हायच्या आत वाचलंत किंवा सप्लाय मध्येच तुटली की ती दिसते. खऱ्या सेन्सरचं नाव २८- ने सुरू होतं. ००- वाली भुतं डेटा लाइनला पुल-अप नसल्याची खूण. डेटा आणि ३.३ मध्ये ४.७ किलोओहम लावा. पायच्या आतला पुल-अप यासाठी फार हलका पडतो.

प्रश्न (तंत्रनिकेतनातील शिक्षिका, अमरावती): प्रयोगशाळेत पाय ५ आले. पाय ४ वर चालणारी प्रॅक्टिकलं त्यावर 'चिपचा मूळ पत्ता ठरवता येत नाही' अशा अर्थाची एरर देतात. सगळी मॅन्युअल नव्याने लिहायची का?

उत्तर: नाही. पाय ४ पर्यंत हेडरच्या पिना थेट मुख्य चिपला जोडलेल्या होत्या आणि जुनी 'आरपीआय जीपीआयओ' लायब्ररी थेट तिच्या रजिस्टरांत लिहायची. २०२३ च्या पाय ५ मध्ये पिना 'आरपी१' नावाच्या वेगळ्या चिपकडे गेल्या, म्हणून लायब्ररीला पत्ता सापडत नाही. जुनी लायब्ररी काढून 'आरपीआय-एलजीपीआयओ' बसवा. ती जुन्याच नावाने हाक ऐकते, त्यामुळे विद्यार्थ्यांची बहुतेक प्रॅक्टिकलं आहेत तशी चालतील. ज्या स्क्रिप्टमध्ये चिपचा क्रमांक ४ असा थेट लिहिलाय, त्या मात्र उघडून बघा: पाय ५ वर सुरुवातीला तो ४ होता, नंतरच्या कर्नलमध्ये ० झाला. आकड्याऐवजी 'पिनसीटीआरएल-आरपी१' या लेबलाने चिप शोधली की दोन्हीकडे चालतं. हेडरवरच्या जागा बदललेल्या नाहीत, भिंतीवरचा जुना तक्ता राहू द्या.