नळ बंद ठेवून मोजलेलं प्रेशर खरं मानू नका

तुम्ही लिहिलेलं वाचून आमच्याच घरची तक्रार कुणीतरी पुन्हा मांडल्यासारखी वाटली. तुमचं म्हापशाजवळ दुमजली घर, सकाळी लाइनला पाणी असतं तेवढ्यात खालची टाकी अर्धीसुद्धा भरत नाही, पाणीपुरवठा कार्यालयाचा माणूस गेज (दाब मोजायचं काट्याचं यंत्र) लावून ‘प्रेशर बरोबर आहे, फॉल्ट तुमच्या घरात’ म्हणून गेला, आणि आता प्लंबर बाथरूमची भिंत फोडायला निघालाय. आधी त्या प्लंबरला थांबवा. नळाची जाळी, शॉवरची भोकं, कॉक पूर्ण उघडे आहेत की नाहीत हे तुम्ही पाहिलंच असणार, त्यात शिरत नाही.

मी प्लंबर नाही. आमच्याकडे फोंड्यात जे झालं त्यावरून सांगतोय, तुमच्याकडे कारण वेगळंही असू शकेल. ओपाचा जलशुद्धीकरण प्रकल्प आमच्याच तालुक्यात, खांडेपार नदीच्या काठावर. तरी आमच्या नळाला करंगळीएवढी धार. तक्रार केली तेव्हा असाच एक माणूस आला. मीटरपाशी गेज लावला, घरातले सगळे नळ बंद करायला लावले, काटा दीड किलोवर (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला दीड किलो दाब) गेला, वहीत लिहिलं, सही घेतली. झालं. पुढच्या प्रत्येक खेपेला तीच वही पुढे करायचे. ‘दीड किलो आहे, अजून काय पाहिजे?’ त्या शब्दावर आम्ही बाथरूमच्या फरशा काढल्या, चिऱ्याची भिंत फोडून आतला पाइप बदलला, वरच्या टाकीसाठी मोठी मोटर घेतली. धार तेवढीच. मे महिन्यात टँकर मागवत होतो. त्या फरशांचा रंग आता बाजारात मिळत नाही, तो वेगळाच मनस्ताप.

चूक मोजण्याच्या पद्धतीत होती. नळ बंद असताना पाणी उभं असतं. वाटेतला पाइप कितीही चोंदलेला असला तरी उभ्या पाण्याचा दाब पलीकडे पूर्ण पोचतो. पाणी वाहू लागलं की मगच अडथळा कळतो. म्हणून गेज मीटरच्या लगेच पुढे, घराच्या बाजूला, टी (तीन तोंडांचा जोड) टाकून लावा, नळ बंद ठेवून आकडा बघा, मग अंगणातला नळ पूर्ण सोडा आणि परत बघा. काटा थोडा खाली येणारच. पण एकदम शून्याजवळ कोसळला, तर अडथळा गेजच्या मागे आहे, म्हणजे मीटरमध्ये किंवा रस्त्याकडे. घरातली भिंत फोडून काहीही मिळणार नाही.

आमच्याकडे शेवटी एका म्हाताऱ्या प्लंबरने मीटरच्या रस्त्याकडच्या बाजूचं युनियन (पाइपचा खोलता येणारा सांधा) सोडलं. तिथूनच पाणी गळल्यासारखं येत होतं. रस्त्यातल्या मेन लाइनपासून मीटरपर्यंतचा अर्धा इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप वर काढला. बाहेरून ठणठणीत, पण कापल्यावर आत गंजाचे तपकिरी पापुद्रे एकावर एक चढलेले आणि मधोमध पेन्सिल जेमतेम जाईल एवढं भोक. नवा पाइप पडला, टाकी भरायला लागली. मुद्दाम तोच गेज परत लावला. नळ बंद असताना काटा पुन्हा दीडवरच! वहीतला आकडा चोंदलेल्या पाइपलाही तोच आणि नव्या पाइपलाही तोच. मग त्या वहीला अर्थ काय? आणि हे समजण्याएवढी माणसं त्या कार्यालयात नाहीत असं मला वाटत नाही. नळ सोडून मोजलं असतं तर रस्ता खणायचं काम त्यांच्या अंगावर आलं असतं, असं माझं मत.

शेजाऱ्यांना विचारायला लाजू नका. एकाच मेनवरचं कनेक्शन, एकाच वेळी, दोन्ही घरी अंगणातल्या नळाखाली तशीच बादली. त्यांची मिनिटभरात भरली आणि तुमची चार मिनिटांनी, तर दोष तुमच्या कनेक्शनमध्ये. दोघांचीही रखडली तर मेनलाच पाणी कमी. खालच्या अंगाला घर असलेला शेजारी धरू नका, त्याला जास्तच मिळतं. पावसात नदी गढूळ असताना किंवा आदल्या दिवशी वीज गेली असेल तर ही तपासणी करू नका, आणि चवथीच्या दिवसांत तर नकोच. आकडे फसवतात.

पाइप खणण्याआधी मीटरच्या तोंडाची गाळणी काढून बघायला सांगा. कधी कधी तेवढंच असतं. मात्र सील असेल तर स्वतः हात लावू नका.

लाइनलाच पंप जोडू का, हे तुम्ही विचारलंय. कृपा करून नको. नियमात बसत नाही, शेजाऱ्यांचं पाणी ओढलं जातं, आणि लाइनमध्ये निर्वात झाला की फुटक्या सांध्यातून गटाराचं पाणी आत शिरतं. लहान मुलं असलेल्या घरात तर विचारही नको. पंप टाकीनंतर लावा. वरच्या बाथरूममधला मोठा शॉवर चालत नाही म्हणता, ते दुखणं वेगळं आहे. १० मीटर उंचीला साधारण एक किलो दाब. टाकी शॉवरच्या वर जेमतेम दीड मीटर असेल तर ०.१५ किलो मिळणार, त्यावर तो मोठा शॉवर चालत नाही, पाइप कितीही नवा घाला. टाकी उंच करा किंवा तिथे छोटा प्रेशर पंप बसवा.

कार्यालयात तोंडी बोलू नका. अर्जात स्पष्ट लिहा की नळ सोडून दाब मोजावा आणि दोन्ही आकडे अहवालात नोंदवावेत. अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. टाळाटाळ झाली तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली आधीच्या पाहणीच्या अहवालाची प्रत मागा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आमचा रस्ता खणला गेला तो त्या अर्जानंतरच.

गेजचे दोन्ही आकडे आणि शेजाऱ्यांच्या बादलीची वेळ मला कळवा. प्लंबरला तोवर हातोडी उचलू देऊ नका.