दोघांनाही विचार, कसं कळलं

पोरी,

तुझ्या दोन्ही मुलाखतींच्या रेकॉर्डिंग ऐकल्या. एक सायंटिस्ट म्हणतात कापसावरच्या गुलाबी बोंडअळीसाठी शेतात ती वासाची दोरी बांधा, सापळ्यातले पतंग एकदम कमी होतात, दुसरे म्हणतात आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या ती काही कामाची नाही, आणि तू लिहितेस की काकाजी मी आता कोणाचं लावू, दोघांतलं एक जण तर खोटं बोलत असणार. काहून खोटं बोलतील बाप्पा? तू दोघांनाही विचारलं काय करायचं. तुम्हाला हे कसं कळलं, ते एकालाही विचारलं नाही. चाळीस मिनिटं नुसतं हो सर, बरोबर सर.

त्या दोरीत गॉसिप्लूर असतं, म्हणजे मादी सोडते तो वास. सगळीकडे तोच वास भरला की नराला मादी सापडत नाही, जोडी जमत नाही, अंडी पडत नाहीत. आता विचार कर, दोरी फक्त तुझ्या बाबांच्या दोन एकरात आहे आणि धुऱ्यापलीकडे नाही, तर पलीकडे जोडी जमलेली मादी उडून इकडे येऊन अंडी घालणारच. म्हणून एकानं सलग शिवारात पाहिलं असेल आणि दुसऱ्यानं एकट्या शेतात, तर दोघंही खरं बोलतात. आणि पहिले सर जे सापळ्याचं म्हणाले ना, तिथं तर तू थांबायलाच पाहिजे होतं. कामगंध सापळ्यात पण तोच वास असतो. नराला जिथं मादी सापडत नाही तिथं त्याला सापळा तरी कुठून सापडणार, मग पतंग कमी दिसले म्हणजे अळी कमी झाली असं कसं? सर, बोंडं फोडून पाहिली का? किती एकरात, किती हंगाम, शेजारी काय होतं? एवढं विचारायला पीएचडी लागत नाही. मी फक्त बी.ए. झाली असं परत लिहू नको, मला राग येतो.

बोंड फोडणं मी जवळून पाहिलंय, नागपूरला. तिथल्या लॅबमधल्या एका बाईंनी टेबलावर एक हिरवंगार बोंड ठेवलं, बाहेरून डाग नाही काही नाही, मी म्हणालो हे चांगलं आहे. त्यांनी ब्लेडनं कापलं तर आत दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या आणि मधात गुलाबी अळी. एवढीशी असतानाच आत शिरते, आणि शिरल्याचं भोक बोंड वाढता वाढता बुजून जातं. मी विचारलं, बीटीला, म्हणजे अळी मारणारं विष स्वतःच बनवणाऱ्या कापसाला, ही दाद देत नाही हे तुम्हाला कसं कळलं? तर सांगायला लागल्या, शेतातून अळ्या आणायच्या, लॅबमध्ये वाढवायच्या, त्यांच्या पिल्लांना खाण्यातून बीटीचं विष वाढत्या डोसनं द्यायचं आणि किती डोसला किती मरतात ते मोजत बसायचं. तोवर घड्याळाकडे पाहून बोलत होत्या, त्या प्रश्नानंतर स्वतःच चहा मागवला. लोकांना आपण काय शोधलं यापेक्षा कसं शोधलं ते सांगायला आवडतं, कारण सगळी उमेद त्यात गेलेली असते.

कसं कळलं ते विचार. मी हे घोकतो म्हणून इथले लोक मला हेकट म्हणतात, म्हणू दे. 2002 ला बीटी कापसाला परवानगी मिळाली तेव्हा गावात बातमी काय पोचली, तर अळी येत नाही. बस. 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅमचं साध्या बियाण्याचं पाकीट यायचं, ते लोकांनी धुऱ्यावर फेकलं, कारण ते काहून दिलं ते कोणी सांगितलंच नाही. बीटी पचवणारी एखादी अळी निघतेच, तिच्या पतंगाची जोडी साध्या पऱ्हाटीवरच्या पतंगाशी जमली तर पिल्लं बीटीवर मरतात, म्हणून ती साधी पऱ्हाटी पाहिजे होती. मी हे सगळं लिहून दिलं होतं. पेपरवाल्यांनी कापलं, म्हणे वाचकाला एवढं लागत नाही, औषधाचं नाव द्या. मग पारावर बसून सांगत फिरलो, पण पेरण्या उरकल्या होत्या आणि लोक म्हणत, भाऊ, अळीच नाही तं हे कायले पेराचं? 2017 ला बोंडं फुटायला लागली आणि आत गुलाबी अळ्या निघाल्या तेव्हा कळलं. कारण ते एकटंच नव्हतं, फरदड होती, म्हणजे हंगाम संपल्यावरही उभी ठेवलेली पऱ्हाटी, बाकीही होतं. पण तो मजकूर छापून आला असता तर काही घरात ते पाकीट पेरलं गेलं असतं, ही रुखरुख माझी जात नाही.

आणि दोन आकडे आले की घाबरू नको. आपल्या लोणारचंच घे, आधी त्या विवराचं वय 52 हजार वर्षांच्या आसपास सांगायचे, मग दुसऱ्यांनी वितळून थिजलेल्या दगडातला आर्गॉन मोजून सुमारे 5 लाख 70 हजार सांगितलं. कोणी खोटारडं नव्हतं, मोजायची रीत वेगळी.

तर दोघांनाही परत फोन लाव. सर, मला एक समजलं नाही, असं सरळ म्हण, लाजू नको, चिडले तर चिडू दे, बहुतेक चिडत नाहीत. पहिल्यांना बोंडांचं विचार, दुसऱ्यांना एकरांचं. उत्तर इंग्रजीत आलं तर म्हण, आमच्या गावच्या बाईला सांगता तसं सांगा. आणि एडिट करताना तुझा प्रश्न कापू नको, तुझ्या मागं ऐकणाऱ्या बाया तोच प्रश्न उद्या कृषी सहायकाला विचारतील. झालं की कच्ची रेकॉर्डिंग मला पाठव, म्युझिक लावायच्या आधीची.

तुझा,
काकाजी