‘लक्षणीय’ म्हणजे किती?

प्रश्न : मी चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्स इंजिनिअर आहे. माझ्या रिपोर्टात चूक नसते, तरी प्लांट हेड ‘मग मी काय करू?’ असा शेरा मारून तो परत पाठवतात. सोपं लिहिलं तर कच्चा वाटेन, अशी भीती आहे. नमुना जोडला आहे.

उत्तर : नमुना वाचला. तुमच्या इंग्रजी वाक्याचं मराठी असं होतं : ‘पंपाच्या कंपनांत लक्षणीय वाढ आढळून आली असून योग्य ती कार्यवाही अपेक्षित आहे.’ चूक खरंच नाही. पण कोणता पंप, किती वाढ, कोणी काय करायचं? आकडे चौथ्या पानावरच्या तक्त्यात सापडले. मी लिहिलं असतं : ‘कूलिंग टॉवरच्या 2 नंबर पंपाचं बेअरिंग रविवारच्या शटडाउनमध्ये बदलायचं आहे. गुरुवारपर्यंत मंजुरी हवी. व्हायब्रेशन सोमवारी 3.1 होतं, आज 7.8 मिमी प्रति सेकंद.’ तक्ता राहू द्या मागे.

‘लक्षणीय’ची मला धास्तीच आहे. 2003 साली कोलंबिया यान अंतराळात असताना, उड्डाणावेळी इंधनटाकीवरून सुटून डाव्या पंखावर आदळलेल्या फोमच्या तुकड्याबद्दल इंजिनिअरांनी नासासमोर एक स्लाइड ठेवली. तिच्यात ‘सिग्निफिकंट’ आणि त्याची भावंडं पाच वेळा. मथळा धीर देणारा. आणि अगदी तळाशी : तुकडा अंदाजे 1920 घनइंचांचा, ज्या चाचणीच्या भरवशावर हा धीर दिला, तिच्यातला मात्र 3 घनइंचांचा. म्हणजे 640 पट! मथळा हाच हवा होता. 1 फेब्रुवारीला परतताना यान फुटलं. कल्पना चावलांसह सातही जण गेले. चौकशी मंडळाने अहवालात या स्लाइडवरही बोट ठेवलं.

राहिला कच्चेपणा. माझीच फजिती ऐका. स्टीम लाइन सुरू करायच्या सूचनेत मी ‘वाफ हळूहळू सोडावी’ असं लिहिलं होतं. रात्रपाळीच्या ऑपरेटरने दोन मिनिटांत व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. लाइनीत साचलेलं पाणी घणासारखं आदळलं, पाइपच्या जोडावरचं (फ्लँजचं) गॅस्केट उडालं. नशीब, जवळ कोणी नव्हतं. जाब विचारला तर म्हणतो, ‘‘साहेब, हळूहळूच सोडली की!’’

खरंच होतं त्याचं. नवी सूचना त्यालाच समोर बसवून लिहिली : ‘आधी ड्रेन उघडा. पाणी थांबून नुसती वाफ येईपर्यंत थांबा. मग मेन व्हॉल्व्ह पाव वळसा.’ मी पेन खाली ठेवलं, तर तो म्हणाला, ‘‘आणि पाव वळशावर किती वेळ ठेवू?’’

पेन पुन्हा उचललं. ‘दहा मिनिटं.’