वाचकांचे प्रश्न : बायपासपलीकडचं घर

ह्या महिन्यात आलेली पत्रं आणि व्हॉट्सअॅपवरचे मेसेज जवळपास सगळे एकाच दिशेचे आहेत, इंदूरच्या बाहेरच्या बाजूच्या नव्या वस्त्या, म्हणजे निपानिया, कनाडिया, बिचोली, खंडवा रोड, उज्जैन रोड, म्हणून ह्या वेळचं सगळं सदर घराच्याच प्रश्नांना दिलंय. पैशाचा मामला आहे म्हणून नावं कोणाचीच छापत नाही.

प्रश्न : काका, आम्ही लोकमान्य नगरात राहतो. मुलगा आणि सून दोघंही सुपर कॉरिडॉरवर नोकरीला आहेत, त्यांनी निपानियाच्या पुढे एका मल्टीत, म्हणजे बहुमजली इमारतीत, थ्री बीएचके पाहिलाय. गेट, गार्डन, क्लब हाऊस सगळं छान आहे. मी पाण्याचं विचारलं तर ऑफिसातला मुलगा म्हणाला, "नर्मदा लाइन आने वाली है आंटी, अभी बोरिंग है." घ्यावा का हा फ्लॅट?
— एक आई, लोकमान्य नगर

उत्तर : ताई, पाण्याचं विचारलंत हे फार बरं केलंत, बहुतेक जण टाइल्स बघून येतात आणि पाणी मे महिन्यात आठवतं.

आता "लाइन येणार आहे" म्हणजे नक्की काय ते समजून घ्या. नर्मदेचं पाणी आपल्याकडे मंडलेश्वरजवळच्या जलूदहून येतं, साधारण सत्तर किलोमीटरवरून, पंपांनी विंध्याचा घाट चढवून, आणि हे १९७८ पासून चालू आहे. ह्या पंपांना वीज इतकी लागते की निगमनं, म्हणजे आपल्या महापालिकेनं, २०२३ मध्ये जलूदच्या सोलर प्लँटसाठी २४४ कोटींचे ग्रीन बाँड काढले. म्हणजे हे पाणी मुळातच महाग आहे आणि मोजकं आहे. जुन्या इंदुरात टाक्या आणि गल्लीगल्लीतल्या लाइनी आधीपासून आहेत, पण निपानिया, कनाडिया, बिचोली मर्दाना, लिंबोदी, कैलोद करताल अशी २९ गावं २०१४ मध्ये निगमच्या हद्दीत आली, वॉर्ड ६९ चे ८५ झाले, घरं भराभर उठली आणि पाइप मागे राहिले. तर त्या मुलाला विचारा की काय येणार आहे, मेन लाइन, टाकी, कॉलनीतलं वितरण का तुमच्या मल्टीचं कनेक्शन? ही चारही कामं वेगळी आहेत, प्रत्येकाचं टेंडर वेगळं आणि वर्ष वेगळं. मेन लाइन गेटसमोरून गेली तरी भागातली टाकी भरत नसेल तर नळाला काही येत नाही. निगमच्या झोन ऑफिसात जाऊन विचारा, तुमच्या भागाची टाकी कुठली आणि तिच्यातून आज किती कॉलन्यांना पाणी सुटतं.

बोरिंगचं म्हणाल तर आपल्या माळव्यात वर काळी माती आणि खाली काळा दगड, पाणी असतं ते दगडाच्या भेगांमध्ये. भेग लागली तर बोअर चालला, आणि त्याच भेगेवर आजूबाजूच्या मल्ट्यांनी पण बोअर मारले की सगळ्यांचे एकदमच आटतात. उन्हाळ्यात कलेक्टर नव्या बोरिंगवर बंदी घालतात, २०२५ मध्येही घातली होती. त्यामुळे "एक आटला तर दुसरा मारू" हे ऐन गरजेच्या वेळी जमतच नाही.

एक हिशोब करून बघा. माणशी रोज १३५ लिटर हे सरकारी मानक आहे. शंभर फ्लॅटच्या मल्टीत घरटी चार माणसं धरली तर रोजचं झालं ५४,००० लिटर. सहा हजार लिटरचा टँकर धरला तर बोअर आटल्यावर रोज नऊ टँकर, आणि त्यांचे पैसे मेंटेनन्समध्येच जाणार. म्हणून माझं म्हणणं असं, की त्या मल्टीतल्या कोणा राहत्या कुटुंबाकडून मागच्या एप्रिल, मे, जूनचं मेंटेनन्सचं बिल मागून घ्या, गेटवरच्या गार्डला विचारा उन्हाळ्यात दिवसाला किती टँकर आत येतात, त्याला बरोब्बर माहीत असतं. बिल्डरनं टँकरचा हिशोब दाखवायला टाळाटाळ केली तर तिथे घेऊ नका. त्यापेक्षा सुदामा नगर, उषा नगरकडे किंवा विकास प्राधिकरणाच्या स्कीमच्या जुन्या भागात टू बीएचके घ्यावा, जुना असला तरी, पण नळाला नर्मदा येते. मुलांना लहान वाटेल, पण नातवंडं झाल्यावर पाण्यासाठी रात्री उठावं लागणार नाही.

प्रश्न : उज्जैन रोडवर एक शेत आहे, तिथे कॉलनी पडणार आहे. ओळखीचे ब्रोकर म्हणतात "अभी डायरी पे ले लो, टीएनसी होते ही रेट डबल." टीएनसी म्हणजे नगर नियोजन खात्याची मंजुरी. अर्धे पैसे आत्ता रोख आणि उरलेले रजिस्ट्रीला. दोन मित्रांनी दिलेत. मी पण प्रॉव्हिडंट फंडातले काढू का?
— नुकताच रिटायर झालेला बँकवाला, तिलक नगर

उत्तर : नका काढू. ह्याच्यावर मला आडवळणानं बोलायचंच नाहीये.

डायरीवर, म्हणजे रजिस्ट्रीआधी नुसतं वहीत नाव लिहून, प्लॉट घेणं ही आपल्या इंदूरची जुनी खोड आहे आणि तिच्यात निवृत्तीचे पैसे, मुलींच्या लग्नाचे पैसे किती गेलेत ते ज्यांचे गेले त्यांनाच माहीत. डायरीतल्या ओळीला कोर्टात किंमत नसते, रोख रकमेची पावती नसते, आणि ज्या प्लॉट नंबरवर तुमचं नाव लिहिलंय त्याच नंबरवर आणखी कोणाचं लिहिलंय का हे तुम्हाला कळायला मार्गच नाही. २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे पाचशे चौरस मीटरच्या वरची कॉलनी किंवा आठच्या वर फ्लॅट असलेली बिल्डिंग रजिस्टर झाल्याशिवाय तिची जाहिरात करता येत नाही, बुकिंग घेता येत नाही, आणि रजिस्टर झाली तरी करार रजिस्टर केल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांच्या वर घेता येत नाहीत. तुमच्याकडे तर आत्ताच अर्धे मागताहेत.

आधी ब्रोकरकडून खसरा नंबर, म्हणजे जमिनीचा सर्व्हे नंबर, घ्या. नंबर देत नसेल तर बोलणं तिथेच संपलं. नंबर मिळाला की जमीन कोणाच्या नावावर आहे, डायव्हर्शन झालंय, म्हणजे बिनशेती झालीय, का अजून शेतीच आहे, टीएनसीचा लेआउट पास आहे का, विकास परवानगी आहे का आणि रेराचा नंबर आहे का, हे ह्याच क्रमानं बघत जा, बरंचसं ऑनलाइन दिसतं. आणि लेआउट हातात आला की त्यात बंधक प्लॉट कुठले ते जरूर बघा, कारण कॉलनाइजरला, म्हणजे कॉलनी पाडणाऱ्याला, साधारण २५ टक्के प्लॉट गहाण ठेवावे लागतात, रस्ते, नाली, वीज पूर्ण करेपर्यंत, आणि त्यातलाच एखादा गळ्यात मारल्याची उदाहरणं आहेत.

आणखी एक गोष्ट ह्या भागापुरती. आपला मास्टर प्लॅन २०२१ चा आहे, तो १ जानेवारी २००८ ला लागू झाला होता, म्हणजे ज्या वर्षापर्यंतचा विचार करून तो आखला ते वर्ष कधीच उलटून गेलं. पुढच्या प्लॅनसाठी आणखी ७९ गावं जोडली. तिथल्या शेतात उद्या घरं होतील, रस्ता जाईल का हिरवा पट्टा पडेल हे नकाशा येईपर्यंत ब्रोकर काही सांगू शकत नाही, तो फक्त रेट सांगतो. मित्रांनी दिलेत म्हणून आपण द्यायचे हे तर मुळीच नको. उलट त्यांनाच सांगा की जे दिलंय त्याचं काही लेखी घ्या, आणि आत्ताच घ्या.

प्रश्न : सर, मी भंवरकुआंला राहून पीएससीची तयारी करते, मूळची देवासची. इंदूरची लोकसंख्या नक्की किती आहे? प्रत्येक पुस्तकात वेगळा आकडा.
— एक विद्यार्थिनी

उत्तर : बेटा, परीक्षेत २०११ चाच लिही. इंदूर जिल्हा २००१ मध्ये २४.६५ लाख होता, २०११ मध्ये ३२.७७ लाख झाला, दहा वर्षांत जवळपास तेहेतीस टक्के वाढ. त्यानंतर मोजणीच झाली नाही, २०२१ ची जनगणना राहून गेली, आता पुढची १ मार्च २०२७ ह्या तारखेची. बाकी सगळे अंदाज आहेत.

पण ह्यातच मोठी अडचण आहे बघ. शाळा, टाक्या, बस, दवाखाने ह्यांचा हिशोब जुन्या आकड्यावर होतो आणि माणसं येतात ती नव्या कामांसाठी. पीथमपूरचे कारखाने, १९९६ चं आयआयएम, २००९ ची आयआयटी, सुपर कॉरिडॉरच्या आयटी कंपन्या आणि तुझ्यासारखी कोचिंगची हजारो मुलं, जी खोली भाड्यानं घेतात, पाणी वापरतात, बसनं फिरतात पण कुठल्याच वॉर्डाच्या यादीत नसतात. मोजणीवाले आले की रूमवरच्या सगळ्या मैत्रिणींची नोंद करून घ्या, घरी देवासला आईनं लिहिलं असेल असं धरून चालू नका.

प्रश्न : बिचोलीच्या पुढे आमचं रो हाऊस आहे, कवर्ड कॅम्पस. पावसाळ्यात एका जोराच्या सरीत गेटपाशी गुडघाभर पाणी, आणि त्याला वास ड्रेनेजचा. बिल्डर म्हणतो निगमचा प्रॉब्लेम, निगमवाले म्हणतात कॉलनीचा. चूक कोणाची?
— तीन वर्षांपासून त्रासलेले

उत्तर : दादा, चूक कोणाची ते तुमच्या गावचा जुना नकाशा सांगेल. पटवारीकडे गावाचा नकाशा असतो, त्यात नाला सरकारी जमीन म्हणून वेगळा दाखवलेला असतो, तो बघा आणि मोबाइलवर गूगल अर्थच्या जुन्या वर्षांच्या फोटोंशी ताडून बघा. फार ठिकाणी असं दिसतं की शेतात जिथून नाला जात होता तिथे आता कॅम्पसची भिंत आहे, नाहीतर नाल्याला एका पाइपात कोंबून वर गार्डन केलंय. काळी माती पावसात एकदा फुगली की पाणी पोटात घेत नाही, वरूनच पळतं, आणि आधी जे पाणी शेताच्या बांधाबांधानं रेंगाळत जायचं ते आता सिमेंटच्या रस्त्यावरून पाच मिनिटांत गेटपाशी हजर होतं. त्यात बायपास उंच बांधलेला, त्याच्या खालच्या मोऱ्या बुजल्या की अलीकडे तलाव.

वास येतो त्याचं कारण वेगळं. बाहेरच्या कॉलन्यांना निगमची ड्रेनेज लाइन बरेचदा मिळालेलीच नसते, कॅम्पसला स्वतःचा एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लँट, दाखवलेला असतो, पण तो चालवायला वीज लागते, माणूस लागतो, म्हणून बंद ठेवतात आणि मैला सरळ पावसाच्या नालीत सोडतात. तुमच्या एसटीपीचं विजेचं बिल बघा, महिनोन् महिने तेवढंच किरकोळ येत असेल तर तो बंदच आहे. इंदूरला २०२१ मध्ये वॉटर प्लसचा मान मिळाला, देशात पहिला, नाले टॅप केले, म्हणजे त्यांत पडणारं सांडपाणी अडवलं, म्हणून मिळाला, आणि ते काम खरंच मोठं होतं, मला त्याचा अभिमान आहे. पण बायपासपलीकडे आपण जे नाल्यात सोडतो ते कान्ह नदीत जातं आणि कान्ह पुढे उज्जैनला त्रिवेणीपाशी क्षिप्रेला मिळते, २०२८ च्या सिंहस्थात लोक तिथे स्नान करणार आहेत. नगररचनाकार पॅट्रिक गेडिस ह्यांनी होळकर दरबारासाठी १९१८ मध्ये जो रिपोर्ट दिला त्यात इंदूरच्या नद्या आणि ड्रेनेजवर पानंच्या पानं आहेत, म्हणजे हा विषय ह्या शहराला शंभर वर्षांपासून माहीत आहे, नवीन कॉलनी पास करणाऱ्यांना तो माहीत नाही असं कसं मानायचं?

नकाशा आणि एसटीपीची बिलं, दोन्ही घेऊन निगमकडे लेखी तक्रार द्या. नाला दाबलेला निघाला तर भिंत पाडायला सांगा, मग त्यात कॅम्पसच्या पार्किंगच्या दोन जागा गेल्या तरी चालतील.

प्रश्न : मेट्रोमुळे सुपर कॉरिडॉरचे रेट वाढणार म्हणतात, इन्व्हेस्टमेंट करू का?

उत्तर : ३१ मे २०२५ ला मेट्रो सुरू झाली ती सहा किलोमीटरच्या आसपास, पाच स्टेशनं. मेट्रोची पूर्ण रिंग लाइन होईल तेव्हा बघू. राहायला घर हवं असेल तर आज घरापासून बसस्टॉप किती लांब आहे आणि बस किती वेळानं येते ते बघा, नुसत्या रेटसाठी मी कोणालाच सल्ला देत नाही, रिकामे फ्लॅट तसेही पुष्कळ पडलेत.

प्रश्न : आमच्या कॉलनीत दीडशे घरं राहायला आली. बिल्डर गेला, कॉलनी हँडओव्हर झालेली नाही. स्ट्रीट लाइट बंद, रस्ते उखडले. निगम टॅक्स घेतं आणि काम सांगितलं की म्हणतं कॉलनी आमच्याकडे नाही. आम्ही वर्गणी काढून मुरूम टाकतो. कोणाकडे जायचं?
— रहिवासी, कनाडिया रोड

उत्तर : वर्गणीतून मुरूम टाका पण प्रत्येक बिल जपून ठेवा, पुढे वसुलीला उपयोगी पडतं. आधी रहिवाशांची समिती रीतसर रजिस्टर करून घ्या, एकेकट्याच्या अर्जाला कोणी विचारत नाही. मग निगमच्या कॉलनी सेलमध्ये माहितीच्या अधिकारात तीन गोष्टी मागा, पूर्णता प्रमाणपत्र दिलंय का, बंधक प्लॉट सोडले का, आणि सोडले असतील तर कोणाच्या तपासणीवरून. हा तिसरा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. कामं अर्धवट असताना बंधक प्लॉट सुटले असतील तर तिथे जबाबदार अधिकारी सापडतो, आणि सुटले नसतील तर ते प्लॉट विकून तुमचे रस्ते आणि लाइट करायची तरतूद आहे, ती मागा. प्रोजेक्ट रेरात असेल तर तिथेही जा, ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत निघालेले बांधकामाचे दोष बिल्डरनं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायचे असतात, ती मुदत तुमची संपत आली का ते आजच बघा.

१८१ ह्या सीएम हेल्पलाइनवर तक्रार टाका म्हणजे नंबर मिळेल, आणि मंगळवारी कलेक्टोरेटच्या जनसुनवाईला, म्हणजे तक्रारी ऐकायच्या बैठकीला, पंधरा-वीस घरांनी मिळून जा, बायकांनी पण जा, अंधाऱ्या रस्त्यावरून क्लासहून मुली येतात हे त्यांनीच सांगितलेलं जास्त लागतं. माहितीच्या अधिकाराचं उत्तर आलं की त्याची कॉपी आम्हाला पाठवा, पुढच्या अंकात छापू, कनाडिया रोडवर तुमच्यासारख्या आणखी कॉलन्यांनी हेच लिहिलंय, त्यांची आणि तुमची गाठ घालून देतो.