चेनचा जुना ट्रॅक्टर: आधी नंबर, मग पाना

प्रश्न : आमच्याकडे चेनचा जुना कॅटरपिलर ट्रॅक्टर आहे. इंजिन चार सिलिंडरचे. नावाची पट्टी गेलेली आहे. कोणी डी-२ सांगतो, कोणी डी-४. सुटे भाग मागवायचे तर नेमके कोणते? (जि. परभणी)

दिसण्यावर जाऊ नका. ही यंत्रे लांबून सारखीच दिसतात आणि बॉनेट, टाकी, सीट तर सर्रास एकाचे दुसऱ्यावर चढवलेले असते. टेप घ्या. डाव्या शूच्या (चेनवरच्या आडव्या पट्टीच्या) बाहेरच्या कडेपासून उजव्या शूच्या आतल्या कडेपर्यंत माप घ्या. दोन्ही बाजूंचे शू एकाच रुंदीचे असतील, तर हेच चेनच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर. १९४७ नंतरच्या यू मालिकेत डी-२ मध्ये ते ४० इंच (नंबराची सुरुवात ४ यू) किंवा ५० इंच (५ यू) असते, डी-४ मध्ये ४४ इंच (६ यू) किंवा ६० इंच (७ यू). डी-६ चे ८ यू मॉडेलही ६० इंचीच आहे, पण त्याला सहा सिलिंडर असल्याने तुमच्या बाबतीत तो प्रश्न येत नाही.

मग नंबर शोधा. तो इंजिनावरच्या पट्टीवर आणि मागच्या केसिंगवर ठोकलेला असतो. रंग व ग्रीस खरवडून वायर ब्रश मारा आणि वरून खडू घासा, म्हणजे पुसट अंकही वाचता येतात. या काळात इंजिनाला ट्रॅक्टरचाच नंबर असे. दोन्ही जुळले नाहीत तर इंजिन बदललेले आहे असे धरा आणि इंजिनाचे भाग इंजिनाच्या नंबरावरूनच मागवा.

रिंग, पिस्टन मागवण्याआधी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) मोजाच. यू मालिकेच्या डी-२ चा बोअर ४ इंच, डी-४ चा साडेचार. त्याआधीच्या जे मालिकेच्या डी-२ चा पावणेचार इंच.

ओतीव भागावर उठावात असलेला नंबर (एक अंक, एक अक्षर, पुढे चार अंक) हा कास्टिंगचा नंबर असतो. एकाच कास्टिंगवर वेगवेगळे मशीनिंग करून दोन वेगळे भाग काढलेले असू शकतात. त्यामुळे तेवढ्यावर ऑर्डर देऊ नये. पार्ट्स बुकातला नंबर आणि तुमच्या भागाची मापे दोन्ही जुळली पाहिजेत. सगळे आटे इंची आहेत. मिलिमीटरचा बोल्ट जोर लावून बसवला तर कास्टिंगचाच आटा जातो.

प्रश्न : ट्रॅक्टर बरीच वर्षे उघड्यावर होता. आता चालतो, पण वळवण्याचा डावा दांडा ओढला तरी वळत नाही. (जि. यवतमाळ)

दांडा सैल येत असेल तर दोष लिंकेजमध्ये (दांडा ते क्लचपर्यंतच्या जोडण्यांत) आहे. स्प्रिंगचा नेहमीचा जोर लागतो आणि तरी यंत्र सरळच जाते, तर स्टिअरिंग क्लचच्या (वळताना त्या बाजूच्या चेनची ओढ तोडणाऱ्या क्लचच्या) प्लेटा गंजून एकमेकींना चिकटल्या आहेत. त्या बाजूच्या कप्प्याचा खालचा ड्रेन प्लग काढा. पाणी आले तर गंजाचे कारण तेच. दाट ऑईल आले तर सील गेले आहे आणि क्लच सुटला तरी पुढे घसरणारच. तेव्हा सील बदलल्यावाचून गत्यंतर नाही.

प्लग लावून प्लेटांचा खालचा भाग बुडेल इतके डिझेल ओता. पेट्रोल कधीही नको, कारण आत घर्षण होऊन उष्णता होते. मोकळ्या, सपाट रानात पहिल्या गिअरमध्ये मागे-पुढे चालवा, म्हणजे सगळ्या प्लेटा भिजतात. रात्रभर मुरू द्या. दुसऱ्या दिवशी दांडा पूर्ण मागे बांधून, हळू चालवत, त्याच बाजूचा ब्रेक दाबा. ब्रेकने क्लचचा बाहेरचा ड्रम थांबतो, इंजिन आतली बाजू ओढते आणि प्लेटा सुटतात. वरच्या गिअरमध्ये हिसका देऊ नका, फायनल ड्राइव्हचे (चेन फिरवणाऱ्या शेवटच्या गिअरचे) दात जातात.

सुटल्यावर डिझेल काढून टाका. हा क्लच कोरडाच चालतो. ब्रेकचा पट्टाही त्याच कप्प्यात असल्याने वाळेपर्यंत ब्रेक कमी लागेल, उतारावर नेऊ नका. दोन-तीनदा करूनही सुटला नाही, तर सीट व टाकी उतरवून क्लच बाहेर काढावा लागेल. त्या वेळी ड्रमच्या दातांवर प्लेटांनी पाडलेल्या खाचा बोटाने चाचपून पाहा. नवी प्लेट त्या खाचेत अडकते आणि दोष जसाच्या तसा राहतो.

प्रश्न : पेट्रोलचे छोटे स्टार्टिंग इंजिन चालू झाले. आता मोठे इंजिन चालू करावे का? (जि. सोलापूर)

आधी इंधन पंपाची रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दातेरी पट्टी) तपासा. प्रत्येक सिलिंडरला वेगळा प्लंजर (डिझेल ढकलणारा दट्ट्या) आहे, त्यातला एक जरी चिकटला तरी सगळी रॅक अडकते. ती डिझेल देण्याच्या स्थितीत अडकली असेल, तर इंजिन चालू होताच बेफाम पळते. रॅक हाताने सहज सरकलीच पाहिजे. तरीही एअर क्लीनरचा पाइप काढून हवेचे तोंड झाकायला जाड फळी जवळ ठेवा. हाताने झाकू नका.

कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) सोडून छोट्या इंजिनाने मोठे इंजिन काही मिनिटे फिरवा. छोट्याचा धूर मोठ्याच्या इनटेक मॅनिफोल्डमधून (हवा आत नेणाऱ्या नळीतून) जातो आणि दोघांचे पाणी एकच असते, त्यामुळे मोठे इंजिन तापते. ऑईल प्रेशरचा काटा वर आल्यावरच कॉम्प्रेशन द्या, मग डिझेल.

प्रश्न : मूळ रंग कोणता? खाली हिरवट थर लागतो. (जि. नागपूर)

कॅटरपिलरने डिसेंबर १९३१ मध्ये करडा सोडून पिवळा घेतला. डी-२, डी-४ आले १९३८ मध्ये, म्हणजे कारखान्याचा रंग पिवळाच. खाली लष्करी हिरवा असेल तर यंत्र सैन्यातले असण्याची शक्यता मोठी. स्वातंत्र्यानंतर केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेने कांस गवताच्या जमिनी मोडायला अमेरिकी सैन्याचे उरलेले चेनचे ट्रॅक्टर वापरले होते. तो थर सरसकट घासून टाकू नका. त्याखाली रंगवलेले लष्करी आकडे निघू शकतात, त्यांचे फोटो आधी काढून घ्या.